तीन सुया, तीन प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा लसीकरणावर बोलण्याचा याला काय अधिकार, असं तुम्ही खुशाल विचारा. माझा अधिकार एवढाच, की मी एका मुलीचा बाप आणि एका नातवाचा नाना आहे. या मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि तो ऐकून मी गप्प बसलो.

माझी मुलगी लातूरला दिली आहे. गंजगोलाईजवळ जावयाचं छोटं दुकान आहे. बाळ नऊ महिन्यांचं झालं, तेव्हा एका रात्री तिचा फोन आला. "अब्बा, मुन्ने को परसों तीन सुयां देनेको बोल रहे. इनो नक्को बोल रहे. मैं क्या करूं?"

तीन सुया म्हणजे गोवर-रुबेलाची एक, पोलिओची एक आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची एक. जावई अडाणी नाही, बी. कॉम. आहे. पण त्याच्या मोबाइलवर कुणीतरी एक आवाजी संदेश पाठवला होता. या सुईनं मुलं मंद होतात आणि मोठेपणी त्यांना औलाद होत नाही, असं त्यात कुणी छातीठोकपणे सांगत होतं. शिवाय नणंदेच्या मुलाला आधीच्या सुईनंतर मांडीत गाठ आली होती, ती महिनाभर गेली नव्हती. मुलगी म्हणाली, "आप तो किताबां लिखते, अब्बा. बोलो ना."

मी म्हणालो, सोचके बोलता. आणि फोन ठेवला.

ते सत्र हुकलं. पुढचं महिन्याभरानं होतं. तो महिना मी वाचण्यात, बालरोगतज्ज्ञ मित्राला छळण्यात आणि आमच्या देगलूर नाक्याकडच्या आयाबायांशी बोलण्यात घालवला. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक घरची गोष्ट. आम्ही पाच भावंडं. पण कुणी विचारलं की अम्मी सहा म्हणायची. सहावी माझी थोरली बहीण. मी दीड वर्षाचा असताना ती गोवरानं गेली. चार वर्षांची होती. तिचा फोटो नाही. दाराला लिंबाचा डहाळा बांधला होता, शेजारच्या काकूंनी देवीला नैवेद्य दाखवला, अम्मीनं दुआ मागितल्या. अंगावरचं पुरळ उतरलं, सगळ्यांना वाटलं पोर सुटली, आणि मग तिची छाती भरली. गोवराचं असंच असतं, हे मला फार उशिरा कळलं. पुरळानं मूल दगावत नाही. पुरळामागून येणारा न्यूमोनिया, जुलाब आणि क्वचित मेंदूची सूज मुलाला नेते.

ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गोवराची लस अमेरिकेत १९६३ साली आली होती, पण आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ मध्ये आली. त्यामुळे सुई द्यायची की नाही, असा विचार करण्याची वेळ माझ्या अम्मी-अब्बांवर आलीच नाही. माझ्या मुलीवर आली होती. म्हणून मला तिचा प्रश्न हसण्यावारी नेता येईना.

लोकांशी बोलताना माझ्या लक्षात आलं, की लशीबद्दलची शंका ही एक शंका नसते. तीन पदरांचा पीळ असतो तो. लशीतच दोष आहे का, हा एक पदर. लस देणारे हात नीट आहेत का, हा दुसरा. आणि आम्हाला कुणी विचारलं का, हा तिसरा. आपण या तिन्हींची गल्लत करतो. एका प्रश्नाचा राग दुसऱ्यावर काढतो. म्हणून एकेक पदर वेगळा करून पाहू.

लशीतच दोष आहे का?

मुलं मंद होतात, हे कुठून आलं? त्याचा उगम सापडतो. १९९८ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध असावा असा त्याचा सूर होता. अभ्यास किती मुलांचा? अवघ्या १२ मुलांचा. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी खोदून काढलं, तेव्हा लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून या डॉक्टरला पैसे मिळाले होते, हे उघड झालं. मुलांच्या माहितीतही फेरफार निघाले. २०१० साली 'लॅन्सेट'नं तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं.

पण समजा, माणूस खोटा असला तरी शंका खरी असेल तर? म्हणून इतरांनी ती तपासली. सगळ्यात मोठ्या अभ्यासांपैकी एक डेन्मार्कचा. तिथं प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद ठेवतात. १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६ लाख ५७ हजार मुलांची पाहणी झाली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. ज्यांना ही लस दिली त्यांच्यात स्वमग्नतेचं प्रमाण, ज्यांना दिली नाही त्यांच्यापेक्षा जास्त नव्हतं. एकीकडे १२ मुलं, दुसरीकडे साडेसहा लाख.

मग आईबापांना असं का वाटतं? कारण वेळ जुळते. मूल नावानं हाक मारल्यावर बघत नाही, बोलत नाही, हे घरच्यांच्या ध्यानात येतं ते साधारण दीड वर्षाच्या आसपास. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. अशा आईला वेड्यात काढू नये. तिनं जे पाहिलं ते खरंच पाहिलं. फांदी कावळ्यानं मोडली की आधीच किडली होती, हे मात्र एका झाडावरून ठरत नाही. त्यासाठी हजारो झाडं बघावी लागतात, ज्यांवर कावळा बसला तीही आणि ज्यांवर बसला नाही तीही. संशोधन म्हणजे मुख्यतः हेच.

आता औलाद होत नाही, ही दुसरी भीती. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलींना रुबेलाची लस १९७० पासून देऊ लागले. त्या मुली आज साठीपलीकडे गेल्या, आज्या झाल्या. उलट रुबेलाची गंमत अशी, की तो आजार मुलाला फारसा त्रास देत नाही. पण गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो बाईला झाला, तर गर्भ पडू शकतो किंवा बाळ आंधळं, बहिरं, हृदयाला दोष असलेलं जन्मू शकतं. म्हणजे औलादीसाठी ज्या सुईची भीती घालतात, ती औलादीच्या रक्षणासाठीच देतात.

पण लशीत कधी दोष निघतच नाही असं मी म्हटलं, तर तेही खोटं होईल. निघतो. अमेरिकेत १९९८ साली जुलाबांवरची, रोटाव्हायरसची एक लस बाजारात आली. वर्षभरातच लक्षात आलं, की ती घेतलेल्या काही बाळांचं आतडं आतड्यात शिरतं आणि अडकतं. प्रमाण साधारण दहा हजारांत एक. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती लस बाजारातून काढून घेतली. त्यानंतर आलेल्या रोटाव्हायरसच्या दोन लशी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर तपासल्या, मगच त्यांना परवानगी मिळाली. आपल्या देशात विकसित झालेल्या लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू इथं ६,७९९ बाळांवर झाली आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पोलिओच्या थेंबांचंही तसंच. त्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. लाखो डोसांत एखाद्या वेळी तो स्वतःच लुळेपणा आणू शकतो. हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. तरी थेंब का दिले? आकडे बघा. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, १३ जानेवारीचा, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातला. त्यानंतर आपल्याकडे जंगली पोलिओचा रुग्ण नाही. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. धोका कमी झाला, तशी थेंबांची रचनाही बदलली. २०१५ च्या अखेरीस मृत विषाणूची सुई कार्यक्रमात आली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला. माझ्या नातवाच्या तीन सुयांतली पोलिओची सुई ती हीच.

गोवर-रुबेलाच्या सुईचा हिशेबही सांगतो. हात दुखणं, साधारण आठवड्यानं ताप किंवा बारीक पुरळ, हे बऱ्याच मुलांत होतं. तापात झटका येणं सुमारे तीन हजारांत एकदा, आणि तो सहसा कायमचं नुकसान करत नाही. गंभीर ॲलर्जी साधारण दहा लाखांत एकदा. आणि खुद्द गोवर झाला तर? मेंदूची सूज सुमारे हजारांत एकाला. तराजूची दोन्ही पारडी अशी आहेत.

आमच्या मोहल्ल्यात आणखी एक प्रश्न कानी येतो, तोही सांगून टाकतो. लशीत डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं का, मग ती हलाल कशी? हा प्रश्न २०१८ साली इंडोनेशियात, जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, थेट तिथल्या उलेमा परिषदेपुढे गेला. आणि लस कुठली होती? आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, गोवर-रुबेलाचीच. परिषदेनं खरं ते सांगितलं. तयार करताना डुकरापासून आलेला घटक वापरला जातो, म्हणून एरवी ती हराम. पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि न दिल्यास जीव धोक्यात येतो, म्हणून ती देण्यास मुभा आहे. मला हा फतवा आवडला, कारण त्यात प्रश्न विचारणाऱ्याला झिडकारलेलं नाही आणि त्याला अर्धवट उत्तर देऊन वाटेला लावलेलंही नाही.

हात नीट आहेत का?

दुसरा प्रश्न मला पहिल्याहून जड वाटतो.

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. ज्यांच्या नावानं ती आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती दिली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काही झालं नाही. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं. पुढे तपासात निघालं, की त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बाटलीचं बूच काढलं होतं. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते १९ जीव मात्र गेलेच होते.

तुम्ही म्हणाल, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तर जवळची सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बालकं दगावली. लस साठवण्यात आणि हाताळण्यात हलगर्जी झाल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं, कर्मचारी निलंबित झाले. त्याच्या वर्षभर आधी, ३१ जानेवारी २०२१ रोजी, आमच्या नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवानं ती मुलं वाचली.

या घटना सांगू नयेत, लोक घाबरतात, असं माझ्या डॉक्टर मित्राचं मत. माझं मत उलटं आहे. रामदुर्गच्या आईला कुणी म्हणालं की लस सुरक्षितच असते, तर ती तुमचं पुढचं एकही वाक्य ऐकणार नाही. तिला सांगायला हवं, की बाई, ज्या लशीनं कोट्यवधी मुलं वाचली तीच तुझ्या गावी आली होती. चूक तिच्या सांभाळण्यात झाली, आणि ती चूक माफ करण्यासारखी नाही.

मग आपण काय करायचं? हात नीट आहेत का हे बघायचं. त्यासाठी बी. ए. सुद्धा व्हावं लागत नाही. लशीच्या बाटलीवर किंवा तिच्या टोपणावर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर लशीला ऊन लागलं, ती घ्यायची नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यात चाळीस-बेचाळीस अंश तापमान असतं, तेव्हा हे फार कामाचं. दुसरं, गोवर-रुबेलाची लस पुडीच्या रूपात येते, ती द्रावात कालवतात. कालवल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून बाटली फोडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. ती वाचायची. तिसरं, सुई-सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. चौथं, सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. गंभीर ॲलर्जी आली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते आणि तिच्यावरचं औषध सिस्टरजवळ असतं. मूल तापानं फणफणलेलं असेल, मागच्या सुईला जोराची ॲलर्जी आली असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरला विचारायचं.

आम्हाला विचारलं का?

तिसरा प्रश्न विज्ञानाचा नाही, वागणुकीचा आहे. आणि माझ्या अनुभवानं नकाराचं मूळ सर्वांत जास्त इथं असतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रभर गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून सुई. माझा धाकटा तेव्हा आठवीत होता. त्याच्या वहीत एक ओळ आली : उद्या लस आहे, डबा खाऊन येणे. बस. कसली लस, कशासाठी, आधी दिली असली तर पुन्हा का, काही नाही. मी शाळेत गेलो तर ऐकायला मिळालं, "तुमच्या लोकांचंच नेहमी का असतं हो?" मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घरी ठेवलं. भीतीनं नाही, रागानं.

आठवड्यानं आमच्या भागातली आशाताई दारात आली. तिच्या यादीत माझ्या मुलाचं नाव राहिलेलं. मी सगळा राग तिच्यावर काढला. ती ओट्यावर बसली, पाणी मागून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही हे खरंय. विचारा आता." मी विचारत गेलो. जे तिला येत होतं ते तिनं सांगितलं, जे येत नव्हतं ते डॉक्टरांना फोन लावून विचारलं. चार दिवसांनी मी स्वतः मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. शाळेत ऐकलेलं ते वाक्य मात्र अजून विसरलेलो नाही.

हा राग हवेतून येत नाही. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्या नातवंडांना सरकारी सुई म्हटलं की औलादीचीच भीती का वाटते, हे समजायला वेळ लागू नये. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा भागात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पात दिली. त्यातल्या सात मुली पुढे दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, एक मुलगी तर बुडून गेली होती. पण चौकशीत दुसरंच निघालं. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असेलही. आईबापांना न विचारता ती द्यावी का?

कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असे आदेश निघाले होते. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. त्याच निकालात लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना पाहता आली पाहिजे, असंही सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्याचा लशीशी काडीचाही संबंध नाही. पण आयांच्या मनात सरकारी दवाखाना हा एकच असतो. तिथं जे घडतं त्याची वसुली आशाताईच्या पिशवीतल्या बाटलीकडून होते.

न ठरवण्याचा हिशेब

तिन्ही प्रश्न खरे आहेत. तरी त्यांची उत्तरं मिळेपर्यंत थांबू, असं म्हणणाऱ्यांना एक सांगायचं आहे. गोवर थांबत नाही. लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो. तो रोखायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना तरी दोन्ही डोस मिळावे लागतात. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण मागे पडलं, त्यात अफवांची भर पडली, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला. मुलं दगावली, त्यातल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. काही तर नऊ महिन्यांचीही नव्हती, म्हणजे ज्यांना नेहमीच्या वेळापत्रकात लस देताच येत नाही अशी. त्यांचं रक्षण शेजारच्या मुलांना दिलेल्या सुईनंच व्हायचं असतं. शेवटी लागण जास्त असलेल्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याची सूचना केंद्र सरकारला करावी लागली. गोवंडी, मालेगाव, भिवंडी, या नावांकडे बघा. दाटीच्या, गरिबांच्या, आणि मोठ्या प्रमाणावर आमच्याच लोकांच्या वस्त्या या. राग कुणावरही असो, किंमत आपल्याच मुलांनी मोजली.

महिना झाला. मी सकाळची एस. टी. धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो. जावयासमोर बसलो. त्याचा संदेश खोटा आहे असं म्हणून सुरुवात केली नाही. तो पूर्ण ऐकला. मग तुम्हाला सांगितलं तेच त्याला सांगितलं, रामदुर्गसकट. नणंदेच्या मुलाच्या गाठीचंही विचारून आलो होतो. सुईच्या जागी अशी गाठ राहू शकते, ती हळूहळू आपोआप जिरते, तिला शेकायचं-चोळायचं नाही. जावई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, हम जाके देखेंगे. चौकोन बराबर नहीं दिखा तो वापस आएंगे." मी म्हणालो, मंजूर.

अंगणवाडीत सिस्टरनं कुरकुर न करता बाटली हातात दिली. जावयानं ती उजेडाकडे धरून पाहिली. मागच्या दोन बायकाही मान उंचावून बघू लागल्या, आणि सिस्टरनं मग सगळ्यांनाच तो चौकोन समजावून सांगितला. दोन्ही दंडांत आणि मांडीत अशा तीन सुया झाल्या. मुन्न्यानं अंगणवाडी डोक्यावर घेतली. आम्ही अर्धा तास पायरीवर बसलो. निघताना सिस्टरनं चार गोष्टी सांगितल्या : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा.

आठव्या दिवशी मुलीचा फोन आला. "अब्बा, बुखार आया. अंग पे थोडे दाने भी हैं." माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, मग? ती म्हणाली, "मग काय? आपच बोले थे ना, आठवें दिन आ सकता कते. कार्ड के पीछे लिखके रखी थी. सिस्टर को फोन करी, दवा दी. दूध पी रहा, खेल रहा."

दोन दिवसांत ताप उतरला. सोळा महिने पूर्ण झाल्यावर दुसरा डोस आहे. तारीख जावयानं दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.